कृपा, कृतज्ञता आणि कबुली : जॉन न्यूटन यांच्या जीवनातील चाळीस वर्षांचा ऐतिहासिक वेध (१७४८–१७८८)

गोषवारा

ख्रिस्ती धर्मविचारात 'कृपा' म्हणजे पात्रता नसताना लाभलेली ईश्वरी दया. या दयेविषयीची कृतज्ञता हा ख्रिस्ती भक्तिजीवनाचा गाभा मानला जातो. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक आणि पूर्वाश्रमीचे गुलामवाहू जहाजाचे कप्तान जॉन न्यूटन (१७२५–१८०७) यांचे जीवन या कृतज्ञतेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनातील पाच लेखी साधनांच्या आधारे या कृतज्ञतेचा क्रमविकास तपासला आहे. दयेची जाणीव होणे आणि त्या दयेतून निर्माण होणारी जबाबदारी ओळखणे या दोन घटनांमध्ये चाळीस वर्षांचे अंतर पडले. हे अंतर कसे पडले आणि कशामुळे भरून निघाले, हा या लेखाचा विषय आहे.

बीजसंज्ञा : कृपा, कृतज्ञता, पश्चात्ताप, गुलामांचा व्यापार, जॉन न्यूटन, ऑल्नी, गुलामगिरीविरोधी चळवळ.

१. प्रस्तावना

'कृतज्ञ' या शब्दाची फोड 'केलेले जाणणारा' अशी होते. व्यवहारात आपण या शब्दाचा अर्थ 'दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले जाणणारा' एवढाच घेतो. परंतु 'कृत' या पदात आणखी एक अर्थ सामावू शकतो. आपल्या हातून दुसऱ्याच्या बाबतीत जे घडले, तेही 'कृत'च असते. पहिले कृत जाणणे तुलनेने सोपे असते, कारण त्यात आनंद आहे. दुसरे जाणणे कठीण असते, कारण त्यात लज्जा आहे. ज्याला आपण पात्र नव्हतो अशी दया आपल्याला मिळाली असे जो म्हणतो, त्याला ही दोन्ही कृते जाणावी लागतात. आपण अपात्र का होतो याचे उत्तर दुसऱ्या कृतातच दडलेले असते.

'अमेझिंग ग्रेस' हे जगप्रसिद्ध इंग्रजी भक्तिगीत लिहिणारे जॉन न्यूटन (गुरुत्वाकर्षणाचे शास्त्रज्ञ सर आयझॅक न्यूटन यांच्याशी त्यांची गल्लत होऊ नये) यांच्याविषयी एक लोकप्रिय आख्यायिका आहे. गुलामांचा व्यापार करणारा एक नास्तिक खलाशी वादळात सापडतो, देवाचा धावा करतो, वाचतो, तत्काळ तो व्यापार सोडून देतो आणि कृतज्ञतेने गीत लिहितो, असे तिचे स्वरूप आहे. ही आख्यायिका हृद्य आहे, परंतु ऐतिहासिक साधनांशी ती जुळत नाही. वादळ १७४८ मध्ये झाले. गीत १७७३ च्या प्रारंभी पुढे आले. आणि गुलामांच्या व्यापाराचा जाहीर निषेध न्यूटन यांनी १७८८ मध्ये केला. वादळातून वाचल्यानंतर सुमारे सहा वर्षे ते त्याच व्यापारात होते, त्यांपैकी चार वर्षे कप्तान म्हणून.

प्रस्तुत विवेचनासाठी पुढील पाच साधने विचारात घेतली आहेत : (१) १७५० ते १७५४ या काळातील जहाजावरील रोजनिशी, (२) १७६४ मध्ये प्रथम निनावी प्रसिद्ध झालेले पत्ररूप आत्मचरित्र, (३) १७७३ चे गीत, (४) १७८८ ची गुलामांच्या व्यापारावरील पुस्तिका आणि (५) स्वतः लिहून ठेवलेला समाधिलेख. या प्रत्येक साधनात आभार कशाबद्दल मानले आहेत आणि कोणाचा उल्लेख राहून गेला आहे, हे दोन प्रश्न विचारणे एवढीच या लेखाची पद्धती आहे.

२. 'कृपा' या संकल्पनेची पार्श्वभूमी

नव्या करारात कृपेसाठी 'खारिस' हा ग्रीक शब्द येतो. आभारप्रदर्शनासाठी येणारा 'युखारिस्तिया' हा शब्द त्याच धातुकुळातील आहे. प्रभुभोजनाच्या विधीला पुढे हेच नाव मिळाले. म्हणजे कृपा आणि कृतज्ञता या दोन कल्पना भाषेच्या पातळीवरच एकमेकींशी बांधलेल्या आहेत. रोमकरांस व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत तारण हे मनुष्याच्या कर्माचे वेतन नसून देवाचे दान आहे, असा विचार मांडलेला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी पेलाजियसच्या मताचा प्रतिवाद करताना हाच विचार सिद्धान्तरूपाने मांडला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी तो धर्मसुधारणेच्या केंद्रस्थानी आणला. अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धर्मजागृतीची चळवळ हे याच परंपरेचे पुढचे रूप होते.

या सिद्धान्तातून एक नैतिक प्रश्न नेहमीच उपस्थित होत आला आहे. दया जर कमावता येत नसेल आणि तिची परतफेडही करता येत नसेल, तर दया मिळालेल्याने करावयाचे काय? केवळ आभार मानावेत की आणखी काही करावे? शुभवर्तमानातील दोन कथा या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातील (अध्याय १८) सेवकाचे प्रचंड कर्ज राजा माफ करतो. तोच सेवक बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा अल्प रकमेसाठी गळा धरतो. याउलट लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १९) जक्कय हा जकातदार, येशू आपल्या घरी आला एवढ्यानेच भारावून जातो आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवतो. एकाची कृतज्ञता दारातच संपते, दुसऱ्याची कृतज्ञता हिशेबाची वही उघडते. न्यूटन यांच्या जीवनात ही दोन्ही पात्रे क्रमाने आढळतात.

३. वादळ आणि आभार : १७४५ ते १७५४

न्यूटन यांचा जन्म २४ जुलै १७२५ रोजी (जुन्या दिनदर्शिकेनुसार) लंडनच्या वॉपिंग या बंदरालगतच्या भागात झाला. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान होते. धर्मशील आईचे छत्र सातवे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच हरपले. अकराव्या वर्षापासून समुद्रप्रवास, पुढे आरमारात सक्तीची भरती, पलायनाचा प्रयत्न आणि त्याबद्दल फटक्यांची शिक्षा असे तारुण्य गेल्यानंतर १७४५ मध्ये ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे कामाला राहिले. तेथे आजारपणात त्यांची अत्यंत उपेक्षा झाली. त्या व्यापाऱ्याची आफ्रिकी सहचरी त्यांना पोटभर अन्नही देत नसे.

या काळातील एक बाब न्यूटन यांनी आत्मचरित्रात स्वतःच नोंदवली आहे. साखळदंडांत असलेले गुलाम आपल्या तुटपुंज्या शिध्यातून काही अन्न चोरून त्यांना आणून देत असत. उघडपणे देणे त्यांना धोक्याचे होते. न्यूटन यांच्या जीवनातील अपात्र दयेचा हा कदाचित सर्वांत स्पष्ट प्रसंग म्हणता येईल. देणाऱ्यांकडे स्वतःलाच पुरेसे नव्हते. घेणारा त्यांच्या मालकाच्या वंशाचा होता. आणि परतफेडीची कोणतीही शक्यता नव्हती. तरीही आत्मचरित्रात हा प्रसंग ओझरताच येतो आणि लेखक पुढे जातो.

पुढे वडिलांच्या ओळखीतून आलेल्या 'ग्रेहाउंड' या जहाजाने त्यांची सुटका केली. सोने, हस्तिदंत, मेण व रंगाचे लाकूड असा माल घेऊन परतणारे हे जहाज १० मार्च १७४८ रोजी (नव्या दिनदर्शिकेनुसार २१ मार्च) उत्तर अटलांटिकमधील भीषण वादळात सापडले. न्यूटन वर जाण्यास निघाले असता कप्तानाने त्यांना सुरी आणावयास सांगितले. त्यांच्याऐवजी वर गेलेला खलाशी लाटेबरोबर वाहून गेला. पाणी उपसता उपसता न्यूटन यांच्या तोंडून सहज देवाच्या दयेचा उल्लेख निघून गेला आणि आपल्यासारख्याला कसली दया, असा विचार त्यांच्या मनात लगोलग आला. जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. हा दिवस न्यूटन यांनी पुढे आयुष्यभर प्रार्थना व आभारप्रदर्शनाचा दिवस म्हणून पाळला. त्यांच्या दैनंदिनीतील अखेरची नोंद २१ मार्च १८०५ ची आहे, यावरून या कृतज्ञतेच्या सातत्याची कल्पना येते.

या कृतज्ञतेच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या व्याप्तीचा. वादळानंतर त्याच वर्षी न्यूटन 'ब्राउनलो' या गुलामवाहू जहाजावर अधिकारी म्हणून रुजू झाले. १७५० मध्ये मेरी कॅटलेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी 'ड्यूक ऑफ आर्गाइल' या जहाजाचे कप्तानपद त्यांना मिळाले. त्यानंतर 'आफ्रिकन' या जहाजाच्या दोन सफरी त्यांनी केल्या. या तीन सफरींची रोजनिशी उपलब्ध असून ती १९६२ मध्ये प्रकाशित झाली. तीत माणसांची खरेदी, त्यांच्या किमती, साखळदंड, बंडाचा संशय आणि मृत्यू यांच्या नोंदी व्यापारी हिशेबाच्या कोरडेपणाने येतात. डिसेंबर १७५२ मधील नोंदीत, बंडाच्या संशयावरून काही मुलांचे अंगठे पिळण्याच्या यंत्रात घालून त्यांच्याकडून कबुली मिळवल्याचा उल्लेख आहे. याच काळात हे कप्तान खलाशांसाठी रविवारची उपासना चालवीत होते आणि पत्नीला भक्तिभावपूर्ण पत्रे लिहीत होते.

१७५४ मधील अखेरच्या सफरीत एकाही माणसाचा मृत्यू झाला नाही. या व्यापारात ही असामान्य गोष्ट होती. लिव्हरपूलला परतल्यावर न्यूटन यांनी चर्चमध्ये त्याबद्दल देवाचे जाहीर आभार मानले. तळघरात माणसे कोंबून, त्यांना वेस्ट इंडीजमध्ये विकून परतलेले जहाज आणि त्याच्या निर्विघ्न प्रवासाबद्दलची प्रार्थना यांत त्या मंडळीला काही विसंगत वाटल्याचे दिसत नाही. कृतज्ञता आणि अंधत्व एकाच हृदयात नांदू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी पुढील सफरीच्या तोंडावर झटका आल्यामुळे न्यूटन यांनी समुद्र सोडला. नैतिक आक्षेप हे त्याचे कारण नव्हते. या व्यवसायात असताना त्याच्या योग्यतेविषयी आपल्याला शंकाच आली नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतः मान्य केले आहे. आपण एका परीने तुरुंगाधिकारीच आहोत ही जाणीव मात्र त्यांना अस्वस्थ करी आणि अधिक सौम्य व्यवसाय लाभावा अशी प्रार्थना ते करीत. आक्षेप होता तो कामाच्या अप्रियतेला. अन्यायाची जाणीव अजून यावयाची होती.

४. ऑल्नी : गीत आणि त्यातील मौन

लिव्हरपूल बंदरात सरकारी नोकरी केल्यानंतर १७६४ मध्ये न्यूटन यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि बकिंगहॅमशायरमधील ऑल्नी या गावी त्यांची नेमणूक झाली. ऑल्नी हे लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब कारागिरांचे गाव होते. त्यांना समजेल अशा साध्या भाषेत प्रवचनाच्या विषयाला अनुरूप गीते रचण्याचा प्रघात न्यूटन यांनी पाडला. कवी विल्यम कूपर १७६७ पासून ऑल्नीत राहावयास आले होते. या दोघांच्या सहकार्यातून 'ऑल्नी हिम्स' हा ३४८ गीतांचा संग्रह १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी रचलेले गीत पुढे 'अमेझिंग ग्रेस' या नावाने ओळखले गेले. संग्रहात त्याचे शीर्षक 'श्रद्धेचे सिंहावलोकन आणि अपेक्षा' अशा आशयाचे आहे. गतवर्षाकडे कृतज्ञतेने पाहणे आणि येणाऱ्या वर्षाकडे विश्वासाने पाहणे, असा नववर्षाचा हेतू त्यात आहे. प्रवचनाचा आधार होता जुन्या करारातील पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायातील दावीद राजाची प्रार्थना. आपण आणि आपले घराणे असे कोण, की देवाने आपल्याला येथवर आणावे, हा त्या प्रार्थनेचा आशय आहे.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. दावीदाला हे अभिवचन कळवणारा संदेष्टा नाथान आहे. उरीयाचा घात करून त्याची पत्नी घेतल्याबद्दल दावीदाला त्याच्या तोंडावर दोषी ठरवणाराही हाच नाथान. परंतु तो दुसरा प्रसंग शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात येतो. इतिहासाच्या पुस्तकाने तो वगळला आहे. न्यूटन यांच्या गीतातही असेच घडले आहे. गीतातील 'मी' हरवलेला होता, आंधळा होता, संकटांतून वाचला, हे सर्व त्यात आहे. त्या 'मी'मुळे जे हरवले, ज्यांची घरे तुटली, त्यांच्याविषयी गीत काहीच म्हणत नाही. अर्थात हे सामुदायिक गायनासाठी रचलेले गीत होते आणि ऑल्नीच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांना ते आपलेसे वाटावे यासाठी त्यात वैयक्तिक तपशील नसणे स्वाभाविक होते. पण त्या काळातील न्यूटन यांच्या इतर प्रसिद्ध लेखनातही गुलामांच्या व्यापाराचा जाहीर निषेध आढळत नाही.

'तो काळच तसा होता' हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील क्वेकर पंथीय हा व्यापार पाप मानू लागले होते. जॉन वेस्ली यांची गुलामगिरीविरोधी पुस्तिका १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतः कूपर यांनी १७८५ च्या 'द टास्क' या काव्यात गुलामगिरीचा धिक्कार केला. म्हणजे न्यूटन यांच्या निकटच्या माणसांनाही जे दिसत होते, ते प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने अद्याप उच्चारले नव्हते.

कूपर यांची कहाणी या संदर्भात वेगळा प्रकाश टाकते. जानेवारी १७७३ मध्येच, गीत प्रथम पुढे आले त्या सुमारास, त्यांना तीव्र मानसिक आजाराचा झटका आला. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे, ही समजूत त्यांच्या मनात घर करून बसली आणि १८०० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती पूर्णपणे गेली नाही. न्यूटन दांपत्याने त्यांना वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून त्यांची शुश्रूषा केली. स्वतःला कृपेबाहेर मानणारा कूपर गुलामांच्या बाजूने आधी बोलला, आणि कृपेचे गाणे गाणारा न्यूटन नंतर. कृपेची अनुभूती आणि न्यायाची जाणीव या गोष्टी आपोआप बरोबरीने येत नाहीत, एवढे तरी यावरून म्हणता येते.

५. १७८८ ची कबुली

१७८० च्या आरंभी न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ या चर्चमध्ये आले. डिसेंबर १७८५ मध्ये तरुण संसदसदस्य विल्यम विल्बरफोर्स त्यांना गुप्तपणे भेटले. धर्मजीवनासाठी राजकारण सोडावे काय, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. सार्वजनिक जीवनात राहूनच देवाची सेवा करावी, असा सल्ला न्यूटन यांनी दिला. मे १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराच्या उच्चाटनासाठी समिती स्थापन झाली आणि विल्बरफोर्स संसदेतील तिचा आवाज बनले.

जानेवारी १७८८ मध्ये न्यूटन यांची आफ्रिकी गुलामांच्या व्यापारावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते. या पुस्तिकेचे तीन विशेष सांगता येतील. पहिला, तिची सुरुवात कबुलीने होते. ज्या व्यवसायाच्या आठवणीने आता हृदय कापते, त्यात आपण स्वतः सक्रिय साधन होतो, असे लेखक सांगतो. ही कबुली आपल्या हातून झालेल्या दुःखाचे निवारण करण्यास फार उशिरा येत आहे, हेही तो लपवीत नाही. दुसरा, तिची भाषा साक्षीदाराची आहे. तळघरातील कमी उंचीच्या फळ्यांवर माणसांना मांडणीतील पुस्तकांप्रमाणे खेटून निजवले जाई, बेड्यांमुळे कूस बदलणेही अवघड होई, स्त्रिया खलाशांच्या वासनेला बळी पडत, हे सर्व तो पाहिल्याप्रमाणे सांगतो. तिसरा, लाभ मनुष्याची दृष्टी कशी झाकतो, याचा विचार तो करतो. गीतात 'आंधळा होतो' ही भक्तीची परिभाषा होती; पुस्तिकेत त्या आंधळेपणाला व्यवसाय, बाजार आणि सवय अशी ऐतिहासिक कारणे मिळाली.

समितीने ही पुस्तिका संसदसदस्यांपर्यंत पोहोचवली. न्यूटन यांनी पुढे प्रिव्ही कौन्सिल व संसदीय समितीपुढे साक्षही दिली. विरोधकांना हे कथन ऐकीव म्हणून फेटाळता येत नव्हते, कारण साक्षीदार स्वतः कप्तान होता. ज्या अनुभवाची लाज वाटावी, तोच अनुभव सार्वजनिक पुराव्याच्या रूपाने उपयोगी पडला. जक्कयाप्रमाणे चौपट परत करणे न्यूटन यांना शक्य नव्हते. विकलेली माणसे परत आणता येणार नव्हती. त्यांच्याजवळ देण्यासारखे उरले होते ते सत्य, आणि ते त्यांनी स्वतःच्या प्रतिष्ठेच्या किमतीवर दिले.

व्यापारबंदीच्या कायद्याला २५ मार्च १८०७ रोजी राजमान्यता मिळाली. न्यूटन २१ डिसेंबर १८०७ रोजी निवर्तले. ज्या व्यापाराने चार शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांवर चढवले, त्याच्या अंताची सुरुवात पाहण्यापुरते आयुष्य त्यांना लाभले.

६. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची कृतज्ञता

कृपेविषयीचा विचार केवळ न्यूटन यांच्या बाजूने करणे एकांगी ठरेल. न्यूटन यांच्या पुस्तिकेपूर्वी एक वर्ष, १७८७ मध्ये, ओटोबा कुगोआनो या पूर्वी गुलाम असलेल्या आफ्रिकी लेखकाचे गुलामगिरीविरोधी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. १७८९ मध्ये ओलाउदा इक्वियानो यांचे आत्मचरित्र आले. त्यांनी १७६६ मध्ये स्वतःची किंमत मोजून स्वातंत्र्य मिळवले होते. दोघेही ख्रिस्ती होते. कुगोआनो यांचा बाप्तिस्मा १७७३ मध्ये, म्हणजे न्यूटन यांचे गीत पुढे आले त्याच वर्षी झाला.

दोघेही ईश्वरी दयेबद्दल कृतज्ञता व्यक्त करतात. परंतु त्यांच्या कृतज्ञतेत एक सावधपणा आहे. देवाने वाइटातून चांगले घडवले म्हणून वाईट हे वाईट राहत नाही, असे ते मानीत नाहीत. धर्माची ओळख दास्यात झाली म्हणून दास्य हीच कृपा होती, हा गुलामगिरीच्या समर्थकांचा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता. देवाचे आभार आणि व्यापाऱ्याचे आभार या दोन गोष्टी त्यांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. पीडिताकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे ही सत्तेची जुनी सवय आहे. तिला इतका संयत नकार देणारी ही पुस्तके न्यूटन यांच्या पुस्तिकेइतकीच कृपेच्या इतिहासाची साधने आहेत.

७. समाधिलेख

न्यूटन यांनी आपला समाधिलेख स्वतः लिहून ठेवला होता. एके काळचा नास्तिक व स्वैराचारी, आफ्रिकेत गुलामांचाही सेवक झालेला मनुष्य देवाच्या दयेने वाचवला गेला, क्षमा पावला आणि ज्या श्रद्धेचा नाश करावयास निघाला होता तिच्याच प्रचारासाठी नेमला गेला, असा त्याचा आशय आहे. आपण गुलामांचे सेवक होतो हे त्यात आहे. गुलामांचे व्यापारी होतो हे मात्र नाही. म्हणजे सोसलेली हीनता दगडावर आली, लादलेली हीनता आली नाही.

या वगळण्यावरून न्यूटन यांना ढोंगी ठरवणे अन्यायाचे होईल. ज्याने ती गोष्ट संसदेसमोर सांगितली, त्याने ती समाधीवर लपवली असे म्हणता येत नाही. तरीही या उदाहरणावरून एवढे दिसते, की आपल्यावर झालेल्या दयेची कथा सांगताना आपण केलेल्या अन्यायाची कथा मागे पडण्याचा धोका अगदी अखेरपर्यंत टिकून राहतो. कबुली एकदा दिली म्हणजे संपत नाही. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

८. मराठी प्रदेशाशी असलेला संबंध

या इतिहासाचे काही धागे आपल्या प्रदेशापर्यंत येतात. १७९३ मध्ये भारताकडे निघण्यापूर्वी विल्यम कॅरी यांनी न्यूटन यांचा सल्ला घेतला होता. त्याच कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठी शब्दकोश प्रसिद्ध केला. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कृपेचा विचार अभंगाच्या छंदात आणला आणि तुकोबांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. 'पतितपावन' या शब्दाशी परिचित असलेल्या मराठी मनाला अपात्र दयेची कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. चोखोबांना समाजाने हीन ठरवले होते, तर न्यूटन स्वतःच्या कृत्यांमुळे पतित होते. दोघांच्याही तोंडी दयेची याचना असली, तरी पहिल्या प्रकरणात पश्चात्ताप समाजाने करावयाचा असतो.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशाला लागू नव्हता. येथे तसा कायदा होण्यास १८४३ साल उजाडले. १८३३ च्या कायद्यानुसार मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली, गुलामांना काहीही मिळाले नाही. कायद्यानेही 'कृत' अर्धेच जाणले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही अपेक्षा त्यांनी अर्पणपत्रिकेतच नोंदवली. दूरदेशीच्या चांगुलपणाचा गौरव करताना स्वतःच्या समाजाला जाब विचारण्याची ही रीत म्हणजे या लेखात विवेचिलेल्या पूर्ण कृतज्ञतेचेच एक रूप होय.

९. निष्कर्ष

१. न्यूटन यांच्या जीवनात ईश्वरी दयेची कृतज्ञता १७४८ पासून प्रामाणिक व अखंड होती. परंतु ती दीर्घकाळ केवळ स्वतःच्या सुटकेपुरती मर्यादित राहिली.

२. या मर्यादेचे स्पष्टीकरण केवळ 'काळा'वर ढकलता येत नाही. आर्थिक हितसंबंध, सवय आणि समाजमान्यता यांनी दृष्टी झाकली होती, हे न्यूटन यांनी स्वतःच पुढे मान्य केले.

३. १७८८ च्या पुस्तिकेत कृतज्ञतेला कबुली व साक्ष यांची जोड मिळाली आणि ती सार्वजनिक जीवनात परिणामकारक ठरली.

४. कुगोआनो व इक्वियानो यांच्या लेखनावरून दिसते, की देवाची कृतज्ञता मानणे आणि अन्यायाला कृपा म्हणण्यास नकार देणे या गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

अपात्र दया फेडता येत नाही, हे ख्रिस्ती धर्मविचाराचे म्हणणे खरेच आहे. पण ती देवाला फेडता येत नाही म्हणून माणसांचे देणे संपत नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर साखळदंडांतील काही माणसांनी आपल्या घासातला घास एका आजारी गोऱ्या तरुणाला दिला. त्यांची नावे कोणत्याही साधनात नाहीत, आणि त्या तरुणाने पुढे त्यांच्यासारख्यांनाच जहाजावर चढवले. वादळाच्या रात्रीचे आभार त्याने दरवर्षी मानले. त्या घासाचे उत्तर देण्यास त्याला चाळीस वर्षे लागली. १७८८ ची पुस्तिका हे ते उत्तर मानले, तर न्यूटन यांच्या गीताचे वाचन तिच्याशिवाय अपुरे राहते, असे म्हणावे लागते.